कांचनाची भाजी

दिवाळीच्या अंकात फाल्गुनातल्या भाजीविषयी लिहावे, हे जरा अवेळीच. वाचकांच्या पुढ्यात आज चकली-करंज्यांचे ताट आहे. अशा वेळी कडवट-तुरट कळ्यांची गोष्ट काढणे म्हणजे लग्नघरात उपासाचे माहात्म्य सांगण्यापैकी आहे. परंतु ही गोष्ट गेली दोन वर्षे माझ्या मनात ठाण मांडून बसली आहे. कादंबरीत घालावी म्हटले, तर तिथे मी माझा अपराध दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर घालीन, हे मला पक्के ठाऊक आहे. निबंधात तशी सोय नाही, म्हणून निबंध लिहायला बसलो. मी मॅट्रिक झालेला मास्तर. तत्त्वज्ञानाची पुस्तके मी फारशी वाचलेली नाहीत, तेव्हा जे लिहितो आहे ते सारे एका झाडाखाली उभे राहून सुचलेले आहे.

माझी शाळा मावळात, लोणावळ्याच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी आहे. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी वर चढली आणि मुंबईच्या धनिकांना इथल्या थंड हवेचा शोध लागला. तेव्हापासून या भागात दोन प्रकारची हिरवळ नांदते. एक पावसाची, दुसरी बंगल्यांची. पावसाची हिरवळ अफाट असते. लोणावळ्याला वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. मात्र तो सारा उतारावरून धावत जातो. काही धरणांत अडतो, त्यातले पाणी १९१५ पासून खाली खोपोलीला वीज करायला जाते. आणि फाल्गुन उजाडला की डोंगर तांबडे-भुरे होऊन उघडे पडतात. भाताच्या खाचरांना भेगा पडतात. कवींचा वसंत येतो तो नेमका याच दिवसांत. पळस फुलतो, पांगारा फुलतो, कोकिळा ओरडते, आणि मावळातली बाई 'आज कालवणाला काय?' म्हणून चुलीपुढे बसून असते. टाकळा, कुर्डू, भारंगी ही सारी पावसाची लेकरे; शेवळेसुद्धा पहिल्या सरींची वाट पाहतात. तोवर जे काही द्यायचे ते झाडांनी द्यायचे. शेवग्याची फुले, कोरलाचा कोवळा पाला, फणसाची कुयरी, भोकरे, वैशाखाकडे कुड्याची फुले, आणि जिथे असेल तिथे कांचनाच्या कळ्या.

याच दिवसांत बंगल्यांच्या बागा मात्र टँकरच्या पाण्यावर हिरव्यागार असतात. कुंपणापलीकडून कर्दळ, डेलिया, रंगीत अळू दिसत राहतात.

आमच्या शाळेलाही बाग असावी असे मला फार वाटे. मुलांना हाताशी घेऊन मी ती केली. नळाच्या सांडपाण्यावर कर्दळ लावली, वाफ्यात कोंबडा लावला, आणि फाटकाशी कांचनाचे एक रोप लावले. चौथ्या वर्षी फाल्गुनात त्याची पाने गळाली आणि उघड्या फांद्यांवर कळ्या धरल्या. ज्यांनी हे झाड पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो: आपट्याचेच हे भावंड, पान तसेच मधोमध दुभंगलेले, मात्र मोठे. दसऱ्याला पुष्कळदा आपट्याच्या नावाखाली आपण एकमेकांना कांचनच देतो. फूल जांभळट-गुलाबी, एका पाकळीवर गडद रेघा. रोज सकाळी मी कळ्या मोजत असे आणि मुलांना सांगत असे की रंगपंचमीला हे झाड आपल्याआधी रंग खेळेल.

एका सकाळी येऊन पाहतो तो खालच्या साऱ्या फांद्या ओरबाडलेल्या. हात पोचेल तिथवर एक कळी शिल्लक नव्हती. चौकशीला वेळ लागला नाही. पाचवीतल्या एका मुलाने पिशवी भरून कळ्या नेल्याचे दोघांनी पाहिले होते. त्याला उभे केले. त्याने नाकारले नाही. "कशाला नेल्यास?" तर म्हणाला, "भाजीला."

वर्गात हशा पिकला, आणि त्या हशाने माझा राग आणखीच चढला. चोरी केली असती तर कदाचित मी कमी रागावलो असतो. ही मला सौंदर्याची विटंबना वाटली. मी फुलांवर एक लहानसे व्याख्यान दिले. जे डोळ्यांसाठी असते ते पोटात घालणारा माणूस आणि शेळी यांच्यात फरक काय, असे एक वाक्यही त्यात होते. ते मला तेव्हा फार चांगले वाटले होते. मग त्याला शाळा सुटेपर्यंत झाडाखाली उभे केले. झाडाला पाने नव्हती, हे मी ध्यानात घेतले नाही. मार्चचे ऊन होते.

संध्याकाळी त्याची आजी माझ्या घरी आली. ती भांडायला आली असणार असे समजून मी मनात वाक्ये जुळवू लागलो. ती पायरीवरच थांबली आणि म्हणाली, "गुरुजी, येवढंच इचारायला आले. त्या झाडाला औशद मारल्यालं व्हतं का?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग तिने सांगितले, "माझा ल्योक बंगल्यावर माळीकाम करतो. तिथं समद्या झाडास्नी औशद मारत्यात. मी दोनदा उकडून पाणी टाकलं, तरी पोरांनी खाल्ली म्हून जीव थाऱ्यावर न्हाई."

"नाही मारलं," मी म्हणालो.

"मग बरं," असे म्हणून ती गेली. शिक्षेचा विषय तिने काढलाच नाही.

सकाळपासून मी कळ्यांचा शोक करीत होतो. मुलांनी त्या खाल्ल्या असतील तर त्यांच्या पोटात काय गेले असेल, हा प्रश्न मला शिवलाही नव्हता. त्या रात्री मला जेवण गोड लागले नाही. आणि ताटात, विशेष म्हणजे, फ्लॉवरची भाजी होती.

यातली गंमत वाचकांच्या ध्यानात आली असेलच. जिचे नावच आपण 'फूल' ठेवले आहे, ती भाजी खाताना आपला जीव कधी हळहळला आहे? केळफूल आपण सोलतो, चिरतो, ताकात घालतो, वर त्याचे कौतुक करतो. लवंग ही वाळवलेली कळीच आहे. हादग्याच्या फुलाच्या नावाने मुली अश्विनात फेर धरतात, आणि तीच फुले घरोघर पिठात बुडवून तळतात. फूल खाणे आपल्याला वावगे नाही. मग कांचनानेच काय केले? मला वाटते, प्रश्न फुलाचा नसून जागेचा आहे. आपल्या घराला अंगण असते आणि परसू असते. परसात उगवते ती भाजी, अंगणात उगवते ती शोभा. केळ मागे, म्हणून तिचे फूल खायचे. कांचन पुढे फाटकाशी, म्हणून त्याचे फूल पाहायचे. उत्तर भारतात याच कळ्या 'कचनार' म्हणून बाजारात विकायला येतात आणि चांगल्या घरांत दह्यात शिजतात. संस्कृतातला 'कोविदार' तो हाच समजतात. वाल्मीकींच्या रामायणात भरताच्या रथाच्या ध्वजावर कोविदार आहे. आणि कांचनार गुग्गुळ ज्या सालीपासून होतो तीही याचीच. एकच झाड, पण कुणी ध्वजावर चढवले, कुणी औषधाच्या खलात घातले, कुणी कढईत टाकले.

शाळेच्या वाफ्यातल्या कोंबड्याची गोष्ट तर अधिकच लाजिरवाणी आहे. शेतात तण म्हणून उपटतो तो कुर्डू आणि बागेत कौतुकाने लावतो तो कोंबडा, ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीची झाडे आहेत. कुर्डूचा कोवळा पाला मावळात श्रावणात सर्रास खातात. म्हणजे मी ज्याच्याभोवती विटांचे कुंपण केले होते तो माझ्या विद्यार्थ्यांच्या घरच्या भाजीचाच नटलेला भाऊ होता. आणि हे काही आपल्याकडेच घडते असे नाही. होस्टा नावाची झाडे युरोप-अमेरिकेत बागेतल्या सावलीची शोभा म्हणून लावतात. जपानात तिच्याच काही जातींचे कोवळे कोंब वसंतात 'उरुई' म्हणून भाजीला काढतात. लोणावळ्याच्या बंगल्यांतला डेलिया मेक्सिकोचा. तिथे त्याचे कंद खात असत. १७८९ साली तो स्पेनमध्ये माद्रिदला पोचला आणि पुढे युरोपने त्याला फुलदाणीत बसवले. टोमॅटोचा प्रवास उलटा. युरोपात कित्येक ठिकाणी त्याला विषारी समजून नुसते पाहण्यासाठी लावीत, आणि आज त्याच्यावाचून कुणाचे कालवण होत नाही.

पण एवढ्यावरून 'जे फुलते ते खावे' असा निष्कर्ष काढायला मी तयार नाही. पावसाळ्यात मावळातल्या कुंपणांवर कळलावी फुलते. तिच्यासारखे देखणे फूल नाही, आणि तिचा कंद माणसाचा जीव घेतो. कण्हेर महादेवाला चालते, माणसाला चालत नाही. कुंडीतले रंगीत अळू खाल्ले तर घशाला आग लागते. कोणते खायचे आणि कोणते नाही, किती वेळा उकडायचे, पाणी कधी टाकायचे, हे ज्ञान त्या आजीजवळ होते, आणि ते मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात भेटले नव्हते. बागेतल्या फवाऱ्याचे नवे विषही तिने आपल्या जुन्या हिशेबात धरले होते. जिला मी शेळीच्या पंक्तीला बसवले, ती त्या झाडाकडे माझ्यापेक्षा अधिक काळजीने पाहत होती.

आता ज्या मुद्द्याशी मी खरा अडतो तो सांगतो. रोज पहाटे फिरायला गेलो की परतताना एका बंगल्याच्या कुंपणाबाहेर आलेली तगर आणि जास्वंद मी परडीत घेतो. माझ्या आईपासूनची ही सवय. बंगल्याचे मालक वर्षातून चारदा येतात. माळी पाहतो आणि हसतो. पुण्या-मुंबईकडे तर लोक काठीला आकडा बांधून दुसऱ्याच्या आवारातली फुले ओढतात, आणि मालक कुरकुरला तरी त्यालाच कद्रू ठरवतात. देवाच्या फुलाला चोरी लागत नाही, अशी आपली समजूत आहे. दुसऱ्या दिवशी त्या फुलांचे निर्माल्य होते आणि मी ते इंद्रायणीत सोडतो. म्हणजे तोडणे तेच, झाड परक्याचे, आणि अपराध मात्र फक्त भुकेचा. त्या मुलाला मी झाडाखाली उभे केले, त्या दिवशी सकाळी माझ्या परडीत अकरा जास्वंदी होत्या. त्या मी मोजल्या होत्या, कारण गणपतीला एकवीस हव्या होत्या आणि दहा कमी पडल्याची मला चुटपुट लागली होती.

हे मी पत्नीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "अहो, देवाची आणि पोटाची बरोबरी कशाला करता? तो मुलगा विचारून घेता तर तुम्ही दिल्या असत्या ना?" मी पुष्कळ विचार केला. दिल्या नसत्या. विचारायला आला असता तर तेच व्याख्यान त्याला एकट्याला ऐकावे लागले असते.

मात्र एक गोष्ट माझ्या बाजूचीही आहे, आणि ती मी सोडलेली नाही. ते झाड साठ मुलांचे होते. सगळ्यांनी पाणी घातले होते, सगळे त्याच्या फुलण्याची वाट पाहत होते, आणि एका घरच्या भाजीत साठ जणांचा वसंत गेला. हे मला आजही बरोबर वाटत नाही. सार्वजनिक झाडाखाली ज्याला अधिक भूक त्याने अधिक घ्यावे, हा न्याय ऐकायला गोड आहे, पण उद्या पिशव्या घेऊन दहाजण आले तर झाडाचे काय? मी त्याला हे विचारायला हवे होते. मी त्याला शेळी म्हटले.

गेल्या फाल्गुनात झाड पुन्हा कळ्यांनी भरले. या वेळी चांगले वर गेले होते, तरी खालच्या फांद्या हाताला येत होत्या. होळीच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्या मुलाला थांबवले आणि म्हटले, "आजीला भाजीला हव्यात का? ने थोड्या." तो झाडाकडे पाहत राहिला. मग हात मागे बांधून म्हणाला, "नको गुरुजी. ते बघायचं झाड हाय."

माझा एखादा धडा कुठल्याही मुलाने इतका नीट पाठ केल्याचे मला आठवत नाही.

मी माझी पिशवी काढली आणि स्वतःच कळ्या तोडू लागलो. वर्गातली चारदोन मुले फाटकाशी घुटमळत होती, त्यांनी पाहिले. पाहू दे म्हटले. निम्म्या फांद्या राखल्या, निम्म्या खुडल्या. पिशवी त्याच्या हातात दिली तेव्हा त्याने ती उघडून आत पाहिले, नाकाशी नेली, आणि विचारले,

"औशद नाही मारलं, असं सांगू ना आजीला?"

"सांग," मी म्हणालो.