शेजार आणि छाती
दिवाळी सरली की बीडमधल्या कितीतरी वाड्यावस्त्यांवर दारांना कुलपं लागतात, माणसं ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, माळावर पाचटाची कोपी. शेजार अनेकदा नवा. अशा बदलत्या सोबतीचा छातीशी काय संबंध?

अमेरिकेत कॅप्लन आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली माकडांवरचा एक अभ्यास छापला. खाणं सगळ्यांना सारखंच. पण ज्या गटांतले सोबती वारंवार बदलले, तिथल्या वरचढ नरांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चरबीचा थर जास्त साचला. रोज नव्यानं आपली जागा राखायची! माद्यांवरच्या वेगळ्या अभ्यासांत मात्र दबून राहणाऱ्यांना हा त्रास अधिक दिसला.

माणूस म्हणजे माकड नव्हे, खरंच. तरी पहाटेच्या थंडीत फडात उतरणारी बाई छातीत धडधडतं म्हणाली, तर तिला तेलामिठाबरोबर हेही विचारा: कोपीशेजारी ओळखीचं कुणी आहे का? उचल किती फिटली?