मंद सुरांसाठी सवड

चर्चमध्ये नवा पाइप ऑर्गन बसला की उद्घाटनाला सगळ्यांना त्याची ताकद ऐकायची असते. वर्गणी देणाऱ्यांची ही अपेक्षा रास्तच आहे. पण सगळे पाइप एकदम गरजतात तेव्हा कुठलाच पाइप नीट ऐकू येत नाही. त्या वाद्याची ओळख हवी असेल तर एकट्या वादकाने वाजवायची एखादी संथ, हळुवार रचना हवी. माझा आग्रह पुढचा आहे: ती रचना उद्घाटनाच्या तारखेला जुंपू नये.

उदाहरणार्थ, पॅरिसच्या सेंट-क्लोटिल्ड चर्चमधला कावाये-कोल यांनी बांधलेला ऑर्गन १९ डिसेंबर १८५९ रोजी खुला झाला. ४६ स्टॉप, म्हणजे वेगवेगळ्या नादांचे पाइपसंच, आणि तीन कीबोर्ड. त्या दिवशी ऑर्गनवादक लफेब्युर-वेली आणि चर्चचा स्वतःचा वादक सेझार फ्रांक असे दोघे वाजवायला बसले. फ्रांकच्या सहा ऑर्गन रचना छापून आल्या त्या मात्र १८६८ साली. ‘प्रेल्यूड, फ्यूग आणि व्हेरिएशन’ ही त्यांतलीच. मधल्या काळात उपासनेच्या निमित्ताने तो याच वाद्यापाशी बसत होता, आयत्या वेळी सुचेल ते वाजवत होता. प्रेल्यूडची धून त्याने ओबो या स्टॉपला दिली आणि साथ अगदी विरळ ठेवली. शेवटच्या भागात तीच धून परत येते, पण खाली साथ वाहती झालेली असते. असा तोल कागदावर हिशेब मांडून साधत नाही, असे मला ठामपणे वाटते.

कारण या वाद्याचा स्वभावच अवघड. कळ जोरात दाबली म्हणून आवाज वाढत नाही. ठरलेल्या दाबाची हवा पाइपात शिरते आणि बोट उचलेपर्यंत सूर तसाच उभा राहतो. पियानोसारखा विरत नाही. एका विभागाचे पाइप झडपांच्या कपाटात असतात, पायाने झडपा उघडमीट करून तेवढ्यांचा आवाज चढवता-उतरवता येतो. बाकी सगळे बोट कधी उचलले यावर. भरगच्च रचनेत उशिरा उचललेले बोट खपून जाते. दोनच स्टॉप उघडे असताना मात्र स्वर सुटल्यावर छताखाली किती रेंगाळतो हे रचनाकाराला आधी ठाऊक असावे लागते, आणि प्रत्येक चर्चमध्ये ते वेगळे असते.

एकाच वाद्याशी इतकी जवळीक केली तर रचना तिथेच अडकून पडेल, हा आक्षेप गंभीर आहे. पण फ्रांकने याच रचनेचे हार्मोनियम आणि पियानोसाठीही रूप केले. भात्यावर सूर कसा पेलायचा हे जाणणाऱ्या आपल्याकडच्या पेटीवादकांना त्याचे नवल वाटू नये. लांबलेल्या स्वराला श्वास कुठे द्यायचा, हे फ्रांकने ऑर्गनपाशी ऐकले असणार, आणि ते हार्मोनियमवरही टिकते.

म्हणून नवी रचना मागवणाऱ्या चर्चने रचनाकाराला निदान वर्षभर ऑर्गनची किल्ली द्यावी. रिकाम्या चर्चमध्ये एकेक स्टॉप वेगळा ऐकू द्यावा. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यातही, कारण तापमानाने पाइपांचे सूर सरकतात.

सेंट-क्लोटिल्डचा ऑर्गन पुढे १९३३ मध्ये आणि पुन्हा १९६२ मध्ये बदलला गेला. फ्रांकने ऐकलेला ओबो आज दुसऱ्या कुठल्या चर्चमध्ये तसाच मिळणे कठीण. प्रेल्यूड वाजवणाऱ्याला आपल्या ऑर्गनवरचे स्टॉप एकेक करून ऐकावे लागतात आणि धून कुणाला द्यायची ते स्वतः ठरवावे लागते.