सोबतीला कोण?

घरात म्हातारी एकटी असली की आई शेजारच्या मुलीला सांगायची, 'आज रात्री सोबतीला जा गं.' तिथे जाऊन तिला काही करायचं नसे. अंथरूण टाकायचं, दोन शब्द बोलायचे आणि झोपायचं. तेवढ्यानेच म्हातारीला निर्धास्त झोप लागे.

निर्वासितांसाठी काम करणाऱ्या जेझुइट या कॅथलिक संघातल्या धर्मगुरूंच्या संस्थेने आपलं काम तीन शब्दांत सांगितलं आहे, त्यातला पहिला शब्द हाच. सोबत, मग सेवा, मग त्यांच्या हक्कांसाठी बोलणं. आपण बहुतेकजण सेवेपासून सुरुवात करतो. पोती उतरवतो, ब्लँकेटं वाटतो आणि संध्याकाळी घरी येतो. सोबत करणाऱ्याला असं परतता येत नाही.

संस्था काढणारे फादर पेद्रो आरुपे स्वतः एकदा देशोधडीला लागले होते. १९३२ साली स्पेनने साऱ्या जेझुइटांना हाकललं. १९४५ च्या ऑगस्टमध्ये ते हिरोशिमाच्या वेशीवर होते. भाजलेली, सोललेली माणसं त्यांच्या मठाच्या दारात येऊ लागली, तेव्हा हाताशी काय होतं? वैद्यकीचं अर्धवट शिक्षण आणि एका शेतकऱ्याने आणून दिलेली बोरिक पावडर. पुढे व्हिएतनाममधून लोक मोडक्या होड्यांतून निघाले आणि समुद्रात बुडू लागले. १९७९ च्या नाताळात आरुपेंनी देशोदेशीच्या जेझुइट प्रांतप्रमुखांना मदतीसाठी तारा केल्या. १४ नोव्हेंबर १९८० रोजी संस्था उभी राहिली.

रोममध्ये जेझुइटांच्याच चर्चजवळ आस्ताली नावाची गल्ली आहे. तिथल्या तळघरात निर्वासितांना आजही जेवण मिळतं. २०१३ साली पोप फ्रान्सिस तिथे गेले आणि रिकाम्या मठांची हॉटेलं करून पैसा कमावू नका, ते निर्वासितांसाठी आहेत, असं आपल्याच माणसांना सुनावलं. दात्यांचे आभार मानण्यापेक्षा हे फार अवघड होतं, आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं.

६ ऑगस्ट १९८१ ला आरुपे बँकॉकमध्ये निर्वासितांबरोबर काम करणाऱ्या सहकाऱ्यांशी बोलले. प्रार्थना सोडू नका, म्हणाले. दुसऱ्या दिवशी रोमच्या विमानतळावर उतरताच त्यांना पक्षाघात झाला. कितीतरी भाषा बोलणाऱ्या या माणसाची वाचा हळूहळू गेली. साडेनऊ वर्षं ते रोममधल्या एका खोलीत होते. एक ब्रदर त्यांची शुश्रूषा करत असे. भेटायला येणारे हात हातात घेऊन नुसते बसत.