बाहुलीचें छायाचित्र

छायाचित्राला आपण सत्याचा साक्षीदार मानतों, आणि बाहुली तर उघडउघड खोटी व्यक्ति. मग बाहुलीचें छायाचित्र काढणाऱ्याच्या पदरीं काय पडतें? खऱ्या वस्तूची नोंद कीं खोट्या माणसाची? प्रश्न प्रथमदर्शनीं पोरकट वाटेल. परंतु सत्य आणि कल्पना यांच्या सीमेचा जुनाच वाद त्याच्या तळाशीं आहे, आणि तो अखेर नीतीचा वाद आहे.

या छंदाचे उपासक मुद्दाम हलक्या प्रतीचा कॅमेरा हातीं धरतात. १९०० सालीं अमेरिकेंत ईस्टमन कोडॅक कंपनीनें मुलांसाठीं एक डॉलर किमतीचा 'ब्राउनी' काढला. तो म्हणजे पुठ्ठ्याची एक पेटीच होती. पुढें हाँगकाँग येथें 'डायाना' आणि १९८२ सालीं 'होल्गा' हे प्लास्टिकचे कॅमेरे निघाले. आपल्याकडे बडोद्यास तयार होणारा 'आग्फा क्लिक थ्री' एके काळीं अनेक मध्यमवर्गीय घरांच्या कपाटांत असे. एका फिल्मवर बारा चौकोनी चित्रें निघत. ब्राउनीसारख्या कॅमेऱ्याचें भिंग मागेंपुढें सरकत नाहीं. सहासात फुटांपलीकडचें तेवढें त्यांत स्पष्ट येतें. वीतभर बाहुली त्या अंतरावरून ठिपक्याएवढी दिसते. जवळ जावें, तर ती पुसट होते. आजोबांच्या वाचावयाच्या चष्म्याचें भिंग पुढें धरलें, तर दीडदोन फुटांवर तिचा चेहरा कसाबसा उमटतो. पण चित्राचे कांठ विरघळलेलेच राहतात.

नवल असें कीं, या दोषांतूनच बाहुलीला जीव येतो. उत्तम भिंग तिची शिवण, तिच्या पोटांतला कापूस, काजळानें रेखलेल्या डोळ्यांचा वांकडेपणा, सारें चव्हाट्यावर मांडतें. पुसट चित्र तें झांकतें, आणि झांकलेली जागा पाहणाराचें मन भरून काढतें. मग ही फसवणूक म्हणावी काय?

इंग्लंडांतील कॉटिंगली गांवच्या दोन मुलींनीं १९१७ सालीं कागदी पऱ्या कापून, टोपीच्या टांचण्यांनीं गवतांत उभ्या केल्या आणि त्यांच्यासह आपलीं छायाचित्रें घेतलीं. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल यांनीं तीं १९२० सालीं 'स्ट्रँड' मासिकांत पऱ्यांच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून छापविलीं. पऱ्या कागदाच्या होत्या हें त्या दोघींनीं १९८३ सालीं, वार्धक्यांत, मान्य केलें. येथें असत्य कोठें शिरलें? कागद कापण्यांत नव्हे, पुसट चित्रांतही नव्हे. खेळाला पुरावा म्हटलें गेलें आणि तें तसेंच चालूं दिलें, त्या क्षणीं असत्य शिरलें.

आपल्या घरांत ही सीमा किती सहज पाळली जाते! भाद्रपदांत मराठवाड्यांत महालक्ष्म्या बसतात. मुखवटे मांडून त्यांना साड्या नेसवितात, दुसऱ्या दिवशीं पुरणपोळीचा नैवेद्य दाखवितात, तिसऱ्या दिवशीं निरोप देतात. मुखवटा कोणत्या डब्यांतून काढला हें घरांतल्या प्रत्येकास ठाऊक असतें, तरी कोणाची भक्ति खोटी ठरत नाहीं. भातुकलींत बाहुलीचें लग्न लावणारी मुलगीही असेंच जाणून मानते. जाणून मानणें आणि न जाणतां फसणें यांत महदंतर आहे.

परंतु याच पुसटपणाची दुसरी बाजू विचार करावयास लावते. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांतील कडा घ्या. या गांवीं २०२२ सालीं तेव्हांच्या अहमदनगर-आष्टी मार्गाची रेल्वे आली. तरी या टापूंतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारीं कुटुंबें अजून जातच आहेत. मुलें आईबापांबरोबर फडावर जातात. पाचटाच्या कोपीपाशीं एखाद्या मुलीच्या हातीं चिंध्यांची बाहुली असेल, तर तिचें चित्र त्या हलक्या कॅमेऱ्यानें फार मोहक येईल. धूसर उजेड, विरघळलेली कोपी, मऊ झालेली चिंधी! जी मऊ छटा बाहुलीला जीव देते, तीच त्या मुलीची बुडालेली शाळा दृष्टीआड करते. दारिद्र्य रम्य दिसूं लागतें, आणि पाहणाराचें मन रिकामी जागा करुणेच्या सुखानें भरून घेतें.

म्हणून माझ्या मतें निकष साधा आहे. बाहुलीला स्वतःचें असें कांहीं सांगावयाचें नसतें. तिच्या वतीनें आपण हवी ती कल्पना करावी, कोणावर अन्याय होत नाहीं. ज्याला स्वतःचें सांगावयाचें आहे, त्याच्या चेहऱ्यावर आपली कल्पना पसरण्याचा अधिकार मात्र कोणासही नाहीं. त्या मुलीची बाहुली खुशाल पुसट येऊं द्यावी. पण मुलीचें चित्र घ्यावयाचें तर तिची व तिच्या आईची संमति घेऊन, आणि तें स्वच्छ यावें. खेळण्यांतल्या कॅमेऱ्यानें खेळण्याकडे पाहण्यांत मौज आहे. माणसाकडे पाहतांना मात्र निर्मळ भिंग हवें.