शेवटच्या खंडाचे देणे

खंडामागून खंड लिहिणारा कादंबरीकार वाचकाकडून उधार घेत असतो. ‘पुढे कळेल’ या बोलीवर तो वर्षानुवर्षे त्याला जीव लावायला भाग पाडतो. (त्यातून वाचनालयात दुसरा खंड नेहमी दुसऱ्याच कोणाकडे असतो!) ही उधारी शेवटच्या खंडात फेडायची, पण कशाने? खलनायकाचा वध आणि राज्याभिषेक एवढ्याने ती फिटते, असे मला वाटत नाही.

इंग्रज लेखक टॉल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आली. सर्वनाशी अंगठी अग्निपर्वतात टाकायला निघालेला फ्रोडो अखेर कड्यावर पोचतो आणि ऐन वेळी ती टाकायचे नाकारतो. माझीच आहे म्हणतो. अंगठीच्या लोभाने झुरलेला गॉलम त्याचे बोटच चावून तोडतो आणि अंगठीसकट आगीत पडतो. हा निव्वळ योगायोग नव्हे. या गॉलमला मारण्याची संधी आधी बिल्बोला, मग फ्रोडोला मिळाली होती. दोघांनीही दयेपोटी त्याला सोडले होते. नायकाचा निर्धार संपला तिथे ती जुनी दया कामी आली. असा शेवट शेवटी सुचून भागत नाही. तो फार आधी पेरावा लागतो.

त्यानंतरही सहा प्रकरणे उरतात. घाईच्या वाचकाला तो पाल्हाळ वाटतो. मला तीच खरी फेड वाटते. फ्रोडोची जखम भरत नाही. ज्या गावासाठी सारे सोसले, तिथे त्याला राहवत नाही आणि तो समुद्रापार निघून जातो. गाव वाचते, ते इतरांसाठी.

आपल्याला हे नवे वाटू नये. महाभारताला कादंबरी म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण स्त्रीपर्वातला शोक सरल्यावरही तिथे सात पर्वे उरतात. जिंकलेल्या युधिष्ठिराला राज्य नकोसे होते, आणि स्वर्गात शिरावे तो समोर दुर्योधन वैभवात बसलेला! वाचकाच्या न्यायबुद्धीचीच तिथे परीक्षा होते. आपण मात्र बहुधा अठराव्या दिवशीच पोथी मिटतो.

टॉल्किन यांनी एक उपसंहारही लिहिला होता. त्यात फ्रोडोचा सोबती सॅम मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देतो: अमक्याचे पुढे काय झाले, तमक्याचे काय झाले. वाचकाला हवे असते ते नेमके हेच. टॉल्किन यांनी तो गाळला. त्यांच्या मागे, १९९२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. गाळला ते बरेच केले. मूळ पुस्तकात सॅम संध्याकाळी घरी येतो, जेवण तयार असते, आणि बायको लहानग्या मुलीला त्याच्या मांडीवर ठेवते.