विठ्ठलपंतांचा आकडा
निवृत्ती कधी घ्यायची, हे कुणी ठरवायचं? निवृत्त होणाऱ्यानं, असंच आपण धरून चालतो. माझं पोट लिनक्सचे ड्रायव्हर लिहिण्यावर चालतं आणि तिथे या प्रश्नाचं उत्तर वेगळं आहे.

संगणक चालू ठेवून एकटी डिस्क निजवायची सोय कर्नलमध्ये आहे. तिचा गाभा राफाएल विसॉत्स्की यांचा. २००९ मध्ये २.६.३२ या आवृत्तीत तो आला. प्रत्येक उपकरणाच्या नावावर एक आकडा असतो. ज्याला ते लागतं तो ‘गेट’ म्हणून आकडा एकानं वाढवतो, गरज सरली की ‘पुट’ म्हणून उतरवतो. आकडा शून्य झाल्याशिवाय झोप नाही. रांगेत एखादी मागणी उरली असेल तरी नाही. डिस्कला स्वतःला काय वाटतं, हे कुणी विचारत नाही.

शून्य झाल्यावरही ठरलेला अवधी जाऊ देतात. मग कॅशमध्ये साचलेलं सगळं तबकडीवर उतरवायचा हुकूम सुटतो, आणि ते झाल्यावरच मोटर थांबते. घर सोडण्याआधी मैत्रेयी आणि कात्यायनी या दोन बायकांमध्ये वाटणी करायला निघालेले याज्ञवल्क्य मला इथे हटकून आठवतात.

ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत यांनी उलट केलं. आपल्याला संसार आहे हे गुरूंपासून लपवून त्यांनी काशीत संन्यास घेतला, असं परंपरा सांगते. पुढे आळंदीत रुक्मिणीबाई पाया पडल्या, गुरूंना सगळं उमगलं आणि त्यांनी शिष्याला परत संसारात धाडलं. मला हा निकाल पटतो. रुक्मिणीबाईंचा ‘पुट’ झालेलाच नव्हता.

पण ही रचना निर्दोष नाही. जुन्या पद्धतीचा ‘गेट’ फसला, उपकरण जागं झालंच नाही, तरी आकडा चढलेलाच राहतो. ड्रायव्हर लिहिणारा ‘काम तर झालंच नाही’ म्हणून तसाच परततो आणि तो एक आकडा कायमचा चिकटतो. मग पुढे कधी जागी झाली, की कुणालाच नको असलेली डिस्क मिनिटाला ७२०० फेरे मारत बसते. (असे काका-मावश्या आपल्या ओळखीत असतातच.) म्हणून केवळ इतरांच्या हक्कावर निवृत्ती सोपवायला मी बिचकतो. हक्क सांगणारा खरंच अजून उभा आहे का, हेही कुणीतरी तपासायला हवं.

आळंदीच्या ब्रह्मवृंदाचं तर त्याहून अवघड. पंत परतले, रुक्मिणीबाईंची तक्रार उरली नाही, गुरूंची आज्ञा पाळली गेली. तरी पंतांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं गेलं. ज्यांनी कधी ‘गेट’ केलं नव्हतं, तेच हिशेब मिटवायला पुढे आले. आकडा शून्य असताना कुणी ‘पुट’ केलं, तर आजचा कर्नल आकडा शून्याखाली जाऊ देत नाही आणि लॉगमध्ये तशी तक्रार नोंदवतो.