वेठ, बटीक आणि परका हात

‘संपामुळे जनता वेठीस धरली गेली’ असे आपण मराठीत सहज म्हणून जातो. वेठ म्हणजे मोबदल्यावाचून, सक्तीने करून घेतलेले काम, हे त्या वेळी आपल्या मनात नसते. ‘बटीक’ हा शब्दही आपल्या घरांतून आता टोमण्यापुरताच उरला आहे. परंतु पेशवेकालीन दप्तरांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत, आणि सधन घरांतील लेकींबरोबर बटकी आंदण दिल्या जात. ज्या फौजांबरोबर आमचे पूर्वज नर्मदा ओलांडून या लष्करात आले, त्या समाजाचीच ही रीत होती. आमच्या कुळवृत्तांतांत पणजोबांच्या सनदा आहेत, इनामांची टिपणे आहेत. पाणी भरणाऱ्या आणि दळण दळणाऱ्या त्या बायकांची नावे मात्र नाहीत. म्हणून गुलामगिरीविषयी लिहिताना आम्ही न्यायाधीशाच्या आसनावर बसू इच्छीत नाही.

ही गोष्ट इतिहासजमा झालेली नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि तिच्या सहकारी संस्थांच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ५ कोटी माणसे आधुनिक गुलामगिरीत होती; त्यांपैकी २ कोटी ८० लाख सक्तीच्या श्रमात आणि उरलेली सक्तीच्या विवाहात. अशा वेळी प्रश्न उभा राहतो तो असा : एखाद्या देशात माणसे बांधलेली असतील, तर बाहेरच्यांनी तेथे हात घालावा काय?

या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देण्याचे कारण ग्वाल्हेरकरांना शोधावे लागत नाही. १८४३ च्या एप्रिलमध्ये कंपनी सरकारने आपल्या मुलखात गुलामीला कायद्याचा आधार नाकारणारा पाचवा कायदा केला. त्याच वर्षी फेब्रुवारीत जनकोजीराव शिंदे निवर्तले, दरबारात तंटे माजले, आणि सुव्यवस्था लावण्याच्या नावाखाली लॉर्ड एलेनबरोंच्या फौजा चालून आल्या. २९ डिसेंबरला महाराजपूर आणि पनिहार येथे एकाच दिवशी दोन लढाया झाल्या. पुढच्या महिन्यातील तहाने दरबाराचे सैन्य घटले आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची कंटिंजंट फौज वाढली. तोच गव्हर्नर जनरल, तेच वर्ष. शिवाय ज्या साम्राज्याने आपल्या वसाहतींतील गुलाम मुक्त केले, त्यानेच १८३४ पासून करारबद्ध मजूर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत धाडले. त्यांत कोकणातील मराठी माणसेही होती. परोपकाराच्या भाषेमागे स्वार्थ दडलेला असतो, ही शंका म्हणूनच निराधार नाही.

तथापि या शंकेतून निष्कर्ष कोणता काढावा? हात मळका होता म्हणून त्याने सैल केलेली गाठ आपण पुन्हा आवळावी काय? सोडवणाऱ्याचा हेतू तपासणे हा आपला अधिकार आहे. परंतु त्या तपासणीने बांधलेल्याचा मुक्तीचा हक्क कमी होत नाही.

हेतू शुद्ध असूनही अनर्थ होऊ शकतो, हे दुसरे सत्य आहे. १९९३ साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये हार्किन यांनी बालश्रमाने बनलेल्या मालाची आयात रोखणारे विधेयक पुन्हा मांडले. ते संमत झालेच नाही. परंतु त्याच्या नुसत्या धास्तीने बांगलादेशातील कपड्यांच्या कारखान्यांनी हजारो मुलांना काढून टाकले, आणि त्यांतील कित्येक विटा फोडण्यासारख्या अधिक वाईट कामांत गेली. १९९५ मध्ये कारखानदार आणि आंतरराष्ट्रीय संस्था यांच्यात करार होऊन शाळा व विद्यावेतन यांची सोय झाली. जी व्यवस्था आधी व्हायला हवी होती, ती नंतर झाली.

याउलट आपल्याच परिसरातील उदाहरण पाहावे. कैलाश सत्यार्थी हे विदिशाचे; आणि विदिशा म्हणजे शिंदेशाहीतील जुने भेलसा. १९९४ पासून बालश्रमाविना विणलेल्या गालिच्यांना ‘रगमार्क’ ही खूण देण्याची जी व्यवस्था उभी राहिली, तिला परदेशी ग्राहकांचे बळ होते. पण मागणी इथली होती, आणि ज्यांनी ती केली ते इथेच राहणारे होते.

‘आमच्या घरात लक्ष घालू नका’ हा युक्तिवाद केवळ परकीयांपुढेच केला जातो असेही नाही. फरिदाबादच्या दगडखाणींत महाराष्ट्र, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश आणि राजस्थान येथील मजूर बांधले गेले आहेत, असे पत्र १९८२ साली बंधुआ मुक्ती मोर्चाने सर्वोच्च न्यायालयाला पाठविले. हरियाणा सरकारने प्रथम त्या पत्राच्या ग्राह्यतेवरच हरकत घेतली. १९८३ च्या निकालात न्यायमूर्ती भगवतींनी ती फेटाळली. मात्र फरिदाबादेहून सुटून मध्य प्रदेशातील आपल्या गावी परतलेल्या शंभराहून अधिक मजुरांना कित्येक महिने पुनर्वसन मिळालेच नाही. त्यासाठी १९८४ मध्ये न्यायालयाला पुन्हा निर्णय द्यावा लागला. नुसती सुटका झालेला माणूस भुकेने पुन्हा सावकाराच्या दारी जातो, हे त्या निर्णयाचे सार आहे.

मग परका कोण? जिनेव्हाचा अधिकारी की आम्ही? श्योपूर, शिवपुरी आणि गुना येथील सहरियांच्या दृष्टीने लष्करातील वाडेकरी माणूस जिनेव्हाइतकाच दूर आहे. २००७ च्या २ ऑक्टोबरला एकता परिषदेची जनादेश यात्रा आपल्याच शहरातून दिल्लीकडे निघाली. जमिनीचा हक्क मागत सुमारे २५ हजार भूमिहीन चालत होते. आपल्यापैकी बहुतेकांनी वाहतुकीचा खोळंबा मोजला. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये गुना जिल्ह्यात उधारीच्या किरकोळ रकमेवरून एका सहरिया मजुराला जाळून मारल्याचे वृत्त आले, तेव्हा आपण पान उलटले. आमच्या वाड्याच्या पायऱ्या ज्या दगडाच्या आहेत, तो कोणी फोडला हे आम्ही कधी विचारले नाही.

आमच्या मते हस्तक्षेपाची कसोटी सीमारेषेवर लागत नाही. ती तीन प्रश्नांवर लागते. बांधलेल्याला आधी विचारले काय? चुकीची किंमत कोण मोजणार, सोडवणारा की सुटणारा? आणि बेडी तुटल्यावर सोडवणारा तेथे थांबणार काय? या कसोटीवर चालून आलेल्या फौजा बहुधा नापास होतात; चिकाटीने पत्रे लिहिणारे, खाणींवर जाऊन नावे नोंदवणारे आणि जमिनीच्या पट्ट्यासाठी तहसिलीत खेटे घालणारे अनेकदा उत्तीर्ण होतात. परकीय हात नको असेल, तर जवळचा हात पुढे यावा लागेल. तो पुढे येत नाही तोवर परक्याला दार बंद करण्याचा नैतिक अधिकार आपण सांगू नये. आपले मौनही हस्तक्षेपच आहे. तो मालकाच्या बाजूचा, इतकेच.